काळ्या मातीतला मंगळ

वैशाखात नांदूर मध्यमेश्वरला फारसं कुणी जात नाही. दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन येणारी मंडळी थंडीत येतात. होळीच्या आगेमागे बदकं उत्तरेकडे निघाली की माणसंही घराकडे वळतात. त्यानंतर गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या या जुन्या बंधाऱ्यामागचं पाणी हळूहळू उतरतं आणि शंभरहून जास्त वर्षं साचत आलेला गाळ काठाकाठाने उघडा पडतो. वरच्या अंगाच्या रानांतली काळी मातीच ती, दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून आलेली. ऊन लागलं की ती आक्रसते, तडकते, आणि काही दिवसांत काठ फरशी बसवल्यासारखा दिसू लागतो.

शेतकऱ्याला या भेगांचं काही कौतुक नाही. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडणारच. पाय अडकेल म्हणून जनावरं जपून न्यायची, एवढाच त्यांच्याशी संबंध. पण भेग भेगेला कशी भेटते, हे निरखून पाहण्याजोगं आहे. चिखल पहिल्यांदा सुकतो तेव्हा आधी एक लांब भेग पडते, मग दुसरी येऊन तिला भिडते. पहिल्या भेगेने एका दिशेचा ताण मोकळा केलेला असतो, म्हणून दुसरी तिला काटकोनात गाठते. सांधा टी अक्षरासारखा होतो. पुढे पाऊस येतो, माती फुगते, भेग बुजते. पुन्हा ऊन, पुन्हा तडा, बहुधा त्याच कमकुवत जागी. असं पुष्कळदा झालं की सांधे सरकत सरकत वाय अक्षरासारखे होतात, तिन्ही कोन १२० अंशांच्या जवळ येतात आणि चौकटींचे षटकोन बनतात. म्हणजे नुसता सांधा पाहून अंदाज करता येतो, की हा चिखल एकदाच सुकला की अनेकदा भिजून सुकला.

'क्युरिऑसिटी' ही गाडी २०१२ पासून मंगळावरच्या गेल विवरात फिरते आहे. चिकणमातीच्या थरांकडून सल्फेट क्षारांच्या थरांकडे चढत असताना एका जागी तिला दगड झालेल्या चिखलात असेच षटकोन दिसले, जेमतेम काही सेंटिमीटरचे. ऑगस्ट २०२३मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर निबंध आला. त्यातला निष्कर्ष असा, की साडेतीनशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तिथे पाणी यायचं, जायचं आणि पुन्हा यायचं, आणि हे चक्र दीर्घकाळ चालू होतं. मंगळावर पाणी होतं ही बातमी तोवर शिळी झाली होती. नवं होतं ते पाण्याचं येणं-जाणं. कारण जीवसृष्टीच्या आधीचं जे रसायनशास्त्र आहे, लहान रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करण्याचं, त्याला नुसतं भरपूर पाणी सोयीचं नसतं. दोन रेणू जोडले जाताना बऱ्याचदा पाण्याचा एक रेणू बाहेर टाकावा लागतो. समुद्रात बुडालेल्या साखळीला ते जड जातं. डबकं आटतं तेव्हा रेणू दाटीवाटीने जवळ येतात आणि जोडणी सोपी होते. पुन्हा पाणी आलं की नवा माल येतो. थोडक्यात, आपल्याकडच्या पावसाळा-उन्हाळ्यासारखं काहीतरी.

षटकोन दिसला म्हणजे पाणी होतंच, असं मात्र नव्हे. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहा. तिथले दगडी खांबही पाच-सहा बाजूंचे आहेत आणि त्यांचा चिखलाशी काही संबंध नाही. ते लाव्हा थंड होताना आक्रसून तडकल्याचे आहेत. असे खांब मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या कॅमेऱ्यालाही विवरांच्या कडांत दिसलेले आहेत. आकार तोच, कारण वेगळं. मग गेल विवरातले षटकोन चिखलाचेच कशावरून? थर गाळाचे आहेत म्हणून, भेगांच्या कडांना क्षार साठलेले आहेत म्हणून, आणि आकार काही सेंटिमीटरचाच आहे म्हणून. एकट्या षटकोनाच्या साक्षीवर कुणी निकाल दिलेला नाही.

परग्रहांवरच्या जीवसृष्टीच्या शोधाचं पदव्युत्तर शिक्षण म्हणतात ते मुख्यत्वे हेच असतं. 'हे दुसऱ्या कशाने झालं असेल का?' हा प्रश्न दोन-पाच वर्षं, वेगवेगळ्या दगडांना, वायूंना आणि जिवाणूंना विचारत राहायचा. नाशिकमध्ये बी.एस्सी. करणारी मुलं-मुली अधूनमधून विचारतात, की एलियनचा अभ्यास कुठे शिकवतात. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण तो विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा मोठी दुर्बीण असते. मी त्यांना आधी कसारा घाटाकडे पाठवतो.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना इगतपुरी सुटल्यावर खिडकीतून कापलेला डोंगर दिसतो. काळा फत्तर, त्यावर काळा फत्तर, आणि मध्येच कुठे विटकरी रंगाची पट्टी. सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपास इथे लाव्हाचे पूर एकावर एक आले. आज उरलेला दख्खनचा हा बेसाल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. या थरांची जगन्मान्य वर्गवारी झाली तेव्हा तळाकडच्या एका गटाला इगतपुरीचं नाव मिळालं आणि त्या संपूर्ण उपगटाला कळसूबाईचं. त्यामुळे कधी भारतात पाऊलही न ठेवलेला भूवैज्ञानिक 'इगतपुरी' हा शब्द सहज उच्चारतो, हे आपल्याला गाडीत वडापाव खाताना ठाऊक नसतं. विटकरी पट्टी म्हणजे दोन पुरांमधल्या विश्रांतीची खूण. आधीचा लाव्हा थंड झाला, हवापाण्याने त्याची माती झाली, तिच्यातलं लोखंड गंजलं, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. निदान सर्वसाधारण समज तरी असा आहे; काही ठिकाणच्या पट्ट्या मातीच्या नसून ज्वालामुखीच्या राखेच्या किंवा कुजलेल्या लाव्हाच्या असाव्यात, असंही म्हणणारे आहेत, आणि वाद मिटलेला नाही. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचाच आणि गंजलेल्या लोखंडाने तांबडा. म्हणून दख्खनच्या या लाल पट्ट्यांचे नमुने मंगळावरच्या मातीशी ताडून पाहिले जातात.

बेसाल्ट कुजून जी आपली काळी माती होते तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. तिचे कण पत्त्यांच्या जोडासारखे असतात. पानापानांत पाणी शिरलं की जोड फुगतो, निघालं की दबतो. भेगांचं मूळ इथे आहे. २००५च्या सुमारास 'मार्स एक्स्प्रेस' या युरोपीय यानाने मंगळावरून परावर्तित झालेल्या अवरक्त प्रकाशाचा वर्णपट तपासला, तेव्हा जुन्या भूभागांवर याच गटातल्या मातीची खूण सापडली. निफाडच्या ढेकळात जे आहे त्याचे चुलत भाऊबंद तिथे आहेत, आणि अशी माती बनायला दगड पाण्याबरोबर बराच काळ राहावा लागतो.

विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या खडक म्हणतात, तो फोडलात तर त्यात पांढऱ्या, गुलाबी, हिरवट गाठी दिसतात. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर गरम पाण्याने आणून बसवलेली ही खनिजं. त्यांत जिओलाइटचा वाटा मोठा. नाशिकच्या दगडखाणींतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचं संपूर्ण संग्रहालयच त्यांच्यासाठी उभं आहे. खाणीत ज्याला गारगोटी म्हणून बाजूला टाकायचे, त्याला काचेच्या कपाटात दिव्याखाली पाहताना गंमत वाटते. २००९मध्ये मंगळावरही जिओलाइट मिळालं, अॅनाल्सीम नावाचं. ते बनायला कोमट-गरम आणि अल्कधर्मी पाणी खडकातून फिरावं लागतं. म्हणजे मंगळाच्या पृष्ठभागाखाली कधीकाळी ऊब होती आणि पाणी होतं. तिथे कुणी राहत होतं का, याबद्दल मात्र खनिज गप्प आहे.

खडकाच्या पोटात कुणी राहू शकतं का, हे इथे पृथ्वीवर तपासता येतं. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयनेच्या परिसरात ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा बेसाल्ट ओलांडून ते ग्रॅनाइटात शिरलं, आणि त्या खोलीवरच्या खडकांतही जिवाणूंच्या खुणा खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना मिळाल्या. सूर्यप्रकाश नाही, अन्न म्हणावं असं फारसं काही नाही. तरी मंडळी आहेत. मंगळावर आज काही जगत असेल तर ते असंच खाली, खडकात असेल, असं मानणाऱ्यांना कोयनेसारख्या छिद्रांत रस असतो.

लोणारबद्दल मराठी वाचकाला पुष्कळ ठाऊक असतं, तरी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर ज्वालामुखीचं की आघाताचं, हा वाद दीर्घकाळ चालला होता. १९७३मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून तो जवळजवळ मिटवला. विवरातल्या खडकांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं. बेसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज प्रचंड धक्क्याने, वितळून न वाहता, जागच्या जागी काच होतं, ते हे. ज्वालामुखी असा धक्का देऊ शकत नाही. आता या काचेचा पहिला पत्ता कुठला? बिहारमधलं शेरघाटी. २५ ऑगस्ट १८६५ला तिथे एक अशनी पडला आणि १८७२मध्ये त्याच्या अभ्यासात ही काच पहिल्यांदा ओळखली गेली. त्या दगडाच्या जातीला आज 'शेरगोटाइट' म्हणतात. ही जात मंगळावरून आलेली आहे हे मात्र शंभरहून जास्त वर्षांनी कळलं: १९७६मध्ये 'व्हायकिंग' यानांनी मंगळाची हवा मोजली होती, आणि तशीच हवा अंटार्क्टिकात सापडलेल्या याच जातीच्या एका दगडातल्या काचेत कोंडलेली मिळाली. बुलढाण्याची माती आणि मंगळाचा दगड यांना एकाच काचेने जोडलेलं आहे. मंगळावरच्या एका विवराला 'लोणार' हे नाव अधिकृतपणे दिलेलं आहे, ते योग्यच झालं.

लोणारच्या तळ्याचा सामू दहाच्या घरात असतो. अशा पाण्यात जगणारे जिवाणू कसे जगतात, मेल्यावर गाळात त्यांचं काय उरतं, याचा अभ्यास पुण्या-नागपूरच्या कित्येक प्रयोगशाळांनी केला. जून २०२०मध्ये पाणी अचानक गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण दिलं: पाणी आटून खारटपणा वाढला आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीव माजले. बेसाल्टमधलं विवर आणि त्यात तळं, हा नकाशा मंगळावरच्या येझरो विवराशीही जुळतो. 'पर्सिव्हिअरन्स' ही गाडी तिथे २०२१पासून आहे.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती माझ्या मते या विषयात येणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात वाचावी. २० एप्रिल २००५ला हैदराबादहून टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या केंद्रातून एक महाकाय बलून सोडला गेला. त्याखाली ४५९ किलोचा पेटारा, त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन आणि त्यात बुडवलेल्या निर्जंतुक पोलादी नळ्या. निऑनमुळे नळ्या इतक्या गार, की झडप उघडताच बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठावी. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा अशी पकडून खाली आणली. प्रयोगाचे मुख्य शास्त्रज्ञ होते जयंत नारळीकर. जीवनाची बीजं अंतराळातून येतात, या फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांच्या कल्पनेला कसोटी लावावी, हा हेतू. नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांतले तीन जिवाणू नवे ठरले, अतिनील किरणांपुढे नेहमीपेक्षा जास्त तग धरणारे. २००९मध्ये त्यांची बारशी झाली: एक हॉइलच्या नावाने, एक इस्रोच्या, एक आर्यभटाच्या.

वृत्तपत्रांनी काय छापलं असेल ते सांगायला नको. इस्रोने मात्र या शोधाच्या निवेदनातच लिहिलं होतं, की हे सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरून आल्याचं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढे तर आणखी मजा झाली. आर्यभटाच्या नावाचा तो जिवाणू संशोधकांना ठिकठिकाणच्या जमिनींत, पिकांच्या मुळांपाशी भेटू लागला. तो पिकाच्या वाढीला मदत करतो असे निबंध निघाले. वर्गीकरण करणाऱ्यांनी तर तो जमिनीतल्या एका जुन्या, परिचित जातीचाच असल्याचं म्हटलं. आकाशात चाळीस किलोमीटरवर शोधायला गेलो तो बांधावरच होता, असंही म्हणता येईल. पण तो तितक्या उंचीवर कसा पोचला, तिथल्या किरणांत कसा टिकला, हे प्रश्न त्यामुळे संपत नाहीत. नारळीकर २० मे २०२५ला गेले. स्वतःला आवडणारी कल्पना पेटाऱ्यात घालून वर पाठवायची आणि खाली येईल ते दोन परक्या प्रयोगशाळांच्या हाती द्यायचं, हे मला त्या तीन जिवाणूंपेक्षा मोठं वाटतं.

आता व्यवहाराचं. आपल्याकडे 'ग्रहविज्ञान' किंवा 'खगोलजीवशास्त्र' अशी पाटी लावलेले एम.एस्सी.चे वर्ग हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. एडिंबरा विद्यापीठात या नावाची पदव्युत्तर पदवी आहे, सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पीएच.डी.ला खगोलजीवशास्त्राची जोड मिळते. पण तिथे शिकवणारेही मुळात कुणी भूशास्त्राचा, कुणी रसायनाचा, कुणी सूक्ष्मजीवशास्त्राचा असतो. म्हणून नाशिकच्या मुलीने पाटी शोधण्यात वर्ष घालवू नये. एक विषय पक्का करावा. भूशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायन किंवा जैवतंत्रज्ञान यांत 'जॅम' परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. पुणे विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग तर घराजवळचाच. पुढे संशोधनासाठी अहमदाबादची पीआरएल ही देशातली ग्रहविज्ञानाची थोरली जागा. विक्रम साराभाईंनी १९४७मध्ये काढलेली ही संस्था नेट, गेट, जेस्ट या परीक्षांच्या वाटेने विद्यार्थी घेते. चांद्रयान-३च्या गाडीवरचं क्ष-किरण उपकरण तिथलंच. चंद्राच्या दक्षिणेकडच्या मातीचं रासायनिक पृथक्करण त्याने २०२३मध्ये २३ ठिकाणी केलं. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी, पुण्याची आयुका, मुंबईची टीआयएफआर, बर्फातल्या सूक्ष्मजीवांसाठी गोव्यातलं ध्रुवीय संशोधन केंद्र, असे आणखी दरवाजे आहेत. सुट्टीत काम करायचं असेल तर तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज बी.एस्सी.ला असतानाच करता येतो.

आणि प्रवेशाची वाट पाहत बसायचंही कारण नाही. चांद्रयानांची आणि मंगळयानाची निरीक्षणं इस्रोने संकेतस्थळावर खुली ठेवलेली आहेत, नासाचीही आहेत. 'जेमार्स' नावाची फुकट प्रणाली घरच्या संगणकावर चालते. तिच्यात मंगळाच्या कुठल्याही विवरावर जाऊन खनिजांचे नकाशे एकावर एक ठेवता येतात. पालकांचा प्रश्न वेगळा असतो: नोकरी? खरं सांगायचं तर निव्वळ ग्रहविज्ञानाच्या जागा देशात थोड्या आहेत आणि ज्यांना पीएच.डी.ची सहा-सात वर्षं परवडतात त्यांच्यासाठीच आहेत. पण उपग्रहाच्या चित्रातला वर्णपट वाचता येणारा माणूस उपाशी राहत नाही. नाशिकच्याच 'मेरी' संस्थेत धरणांत किती गाळ साचला याचा अंदाज उपग्रहांच्या चित्रांवरून काढतात. मंगळावरची चिकणमाती शोधणाऱ्याला ते काम परकं नाही.

गेल्या दोन वर्षांतल्या दोन बातम्यांनी या विषयाकडे मुलं वळली. एक, १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहाच्या हवेत डायमिथिल सल्फाइड असल्याचा संकेत. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती सोडतात. वाराणसीच्या आयआयटीत शिकलेल्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने एप्रिल २०२५मध्ये तो जाहीर केला आणि काही आठवड्यांत इतरांनी तीच निरीक्षणं घेऊन तो संकेत फार कच्चा असल्याचं दाखवलं. मला ही बातमी सुरुवातीपासूनच घाईची वाटली. दुसरी बातमी जास्त वजनाची आहे. येझरो विवरात नेरेत्वा नावाच्या जुन्या नदीपात्रात पर्सिव्हिअरन्सला जुलै २०२४मध्ये एक तांबूस चिखलदगड मिळाला, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेला. ठिपक्यांत लोखंडाचं फॉस्फेट आणि लोखंडाचं सल्फाइड, जवळपास सेंद्रिय कार्बन. पृथ्वीवरच्या गाळात सूक्ष्मजीव लोखंड आणि गंधकावर जगतात तेव्हा हीच खनिजं मागे राहतात. सप्टेंबर २०२५मध्ये निबंध आला, त्यात शब्द होता 'संभाव्य'. जीव नसतानाही ही रसायनं होऊ शकतात, पण त्यासाठी लागणारी उष्णता या दगडाने सोसल्याची खूण दिसत नाही, एवढ्यावर तो थांबतो. दगडाला भोक पाडून काढलेला तुकडा धातूच्या नळीत बंद करून मंगळावरच ठेवलेला आहे. तो इथे आणून कापला, तर कदाचित उत्तर कळेल.

तोवर नांदूर मध्यमेश्वर आहे. एका विद्यार्थिनीला मी सुचवलंय ते असं: नांगर न फिरणारा, गुरं न जाणारा गाळाचा एक कोपरा निवडायचा, कडेला चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, वरून फोटो घेऊन प्रत्येक सांध्याचे कोन मोजून वहीत लिहायचे. मृगात पाणी चढेल, खुंट्या बुडतील. पुढच्या वैशाखात पाणी उतरलं की त्याच जागी पुन्हा फोटो. भेगा त्याच ठिकाणी उघडल्या का, आणि ९० अंशांचे कोन १२०कडे किती सरकले? तिने पहिल्या खेपेला २१४ सांधे मोजलेत. खुंट्या गाळात खचल्या नाहीत, तर पुढच्या मे महिन्यात दुसरा आकडा मिळेल.